तीनशे शब्दांचा निबंध

मराठीत ‘निबंध’ हा शब्द मोठ्या मानाचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हापासून विचार नीट बांधून मांडणे असा त्याचा अर्थ सुशिक्षित मराठी माणसाच्या मनात रुजला. शाळेच्या वर्गात येताना हा शब्द थोडा लहान झाला, ‘माझी आई’ आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ यांवर समाधान मानू लागला, हे खरे. तरीही त्याची अब्रू शाबूत होती. मराठीत एम. ए. केलेले आणि हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळांत आयुष्य घालवलेले आम्ही, निबंधाच्या वह्या तपासता तपासता केस पांढरे करून बसलो. पण निबंध कधी काळी जामिनाच्या अटींत जाऊन बसेल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते.

वाचकांना प्रसंग आठवत असेल. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीने एका दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरील तरुण व तरुणी दोघेही जागीच गेली. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि तो मद्य प्यालेला होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला. त्याच्या अटींत वाहतुकीचे नियम शिकणे, समुपदेशन घेणे आणि अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे हेही होते. देशभर संताप उसळला. तीनच दिवसांत मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. पुढे जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदा ठरवून त्याला सोडण्यास सांगितले. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली; मुलाच्या वडिलांनाही झाली. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मागणी मंडळाने फेटाळली.

गेलेले दोघेही आमच्या मध्य प्रदेशातले. शिकून, नोकरी मिळवून पुण्यास गेलेले अभियंते. बृहन्महाराष्ट्रातल्या किती मराठी घरांची मुले आज याच वाटेने पुण्यास आहेत! ‘पुणे म्हणजे आपलेच गाव, तिथे काळजी नाही’ असे म्हणत आपण त्यांना गाडीत बसवून देतो. त्या बातमीने इंदूर-उज्जैनकडच्या अनेक घरांत त्या रात्री दूरध्वनी वाजले असतील; आमच्या घरातूनही एक गेला.

शाळा उघडल्यावर जुलैमध्ये आम्ही दहावीच्या वर्गास तोच विषय दिला. शिक्षा म्हणून नव्हे. मुलांना काय ठाऊक आहे ते पाहावे म्हणून. शब्दमर्यादा तीच, तीनशे. बहुतेक वह्यांत अपेक्षित तेच निघाले: हेल्मेट घालावे, वेग आवरावा, मदिरा वाईट, सरकारने कडक कायदे करावेत. एका वहीत मात्र उपदेश नव्हता. त्या मुलीने लिहिले होते की, वडील रात्री घरी येतात तेव्हा फाटकाशी गाडीचा आवाज ऐकूनच आईला कळते की आज किती झाली आहे. आणि पहाटे चारला तीच गाडी पुन्हा सुरू होते तेव्हा आई देवापाशी दिवा लावून बसते. शब्द मोजले तर दीडशेही भरले नसते. आम्ही त्यास पूर्ण गुण दिले आणि वही कपाटात ठेवली.

आता गौतमपुऱ्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव धारण करणारे हे गाव इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तहसिलीत, चंबळेच्या परिसरात वसले आहे. शेती बटाटा, लसूण, गहू आणि सोयाबीनची. बटाटा-लसूण इंदूरच्या चोइथराम मंडीत न्यायचा, तर पहाटे निघावे लागते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांचे कित्येक वडील पिकअप चालवतात. त्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, दुपारी संपतो आणि संध्याकाळ मोकळी असते. मोकळी संध्याकाळ आणि खिशात रोख भाडे, या दोहोंची गाठ पडली की पुढचे सांगावयास नको. २०२३ च्या एप्रिलपासून राज्य सरकारने दारूच्या दुकानांलगतचे पिण्याचे अहाते बंद केले. हेतू चांगला होता. पण पिणारा त्यामुळे घरी गेलाच असे नाही. पुष्कळदा तो रस्त्याच्या कडेला उभ्या गाडीत बसला. म्हणजे प्याला आणि चाक यांतले अंतर आणखी कमी झाले.

ती वही त्या मुलीच्या वडिलांस दाखवावी काय, हा प्रश्न आम्हांस तीन दिवस छळत राहिला. मुलाने विश्वासाने लिहिलेले पान हा साक्षीपुरावा नव्हे. ते उघड केले तर ती मुलगी पुन्हा कधी खरे लिहिणार नाही, आणि घरी तिला काय सोसावे लागेल ते वेगळेच. दुसरीकडे, गप्प बसावे तर तो दिवा रोज पहाटे लागतच राहणार. शेवटी आम्ही सरसकट पालकसभा बोलावली. वाहन चालवणाऱ्या पालकांनी अवश्य यावे असा निरोप दिला. आणि मुख्याध्यापकाची सवय सोडून, उपदेश न करता, कायदा आणि गणित एवढेच सांगावयाचे ठरवले.

कायदा असा आहे. १९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून देशभर लागू झाला. त्याच्या कलम १८५ प्रमाणे, वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले की तो गुन्हा होतो; मग त्याची गाडी सरळ चालली होती की वाकडी, हे पाहण्याचे कारण उरत नाही. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाची ही वाढ २०१९ च्या दुरुस्तीने झाली. त्यापूर्वी पहिल्या वेळी फार तर दोन हजार होते. हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, न्यायालयापुढे उभे राहावेच लागते. पोलिसांस अशा चालकाला वॉरंटावाचून अटक करता येते, परंतु अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावे लागते. नागरिकाच्या रक्षणासाठी ठेवलेली ही अट आहे. सबळ कारण नसताना श्वास किंवा रक्त देण्यास नकार दिला, तर तो नकारच त्याच्याविरुद्ध जातो. आणि ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने सर्वांत लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही: दोष सिद्ध झाला की न्यायालयाने त्याला किमान सहा महिने परवान्यास अपात्र ठरवावयाचे असते. दहा हजार उसने मिळतात. सहा महिने कोण उसने देणार?

मृत्यू घडला तर प्रकरण निराळे होते. जुन्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांची झाली. पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगणारे पोटकलम मात्र, जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या संपानंतर, संहिता लागू करताना स्थगित ठेवण्यात आले. न्यायालये मद्यपी चालकाकडे नेहमी केवळ ‘निष्काळजी’ म्हणून पाहतात असेही नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले. सत्र न्यायालयाने चालकास सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती शिक्षा कायम ठेवली. पिऊन चाकामागे बसणाऱ्यास आपल्या हातून काय घडू शकेल याची जाण असते, असे न्यायालयाने धरले, हे त्यातले मर्म.

हे सर्व सांगून झाल्यावर सभेतील लोक विशेष हलले नाहीत. कायदा हा दूरच्या नातेवाइकासारखा असतो. आहे हे ठाऊक असते, भेट क्वचित होते. मग आम्ही खडू घेऊन गणित मांडले. पोटात गेलेले मद्य रक्तात मिसळते आणि यकृत ते आपल्या चालीने हळूहळू काढते. ही चाल माणसागणिक थोडी कमीजास्त असते. पण ढोबळ मानाने तासाला, १०० मिलिलिटर रक्तामागे, १५ मिलिग्रॅमच्या आसपास. लिंबू चोखल्याने, थंड पाण्याने न्हाल्याने, कडक चहा प्याल्याने ती वाढत नाही. झोपेनेही वाढत नाही. समजा, एखाद्याच्या रक्तात रात्री अकरा वाजता १५० मिलिग्रॅम मद्य आहे. पहाटे चारला पाच तास होतात. पाच गुणिले पंधरा, पंचाहत्तर. दीडशेतून पंचाहत्तर गेले, उरले पंचाहत्तर. कायद्याची मर्यादा तीस. म्हणजे झोपून, तोंड धुऊन, देवाला नमस्कार करून पिकअप सुरू करणारा तो माणूस मर्यादेच्या अडीचपट मद्य रक्तात घेऊन निघाला आहे, आणि सकाळचे सात वाजल्याखेरीज तो त्या मर्यादेपर्यंत येत नाही.

वर्गात शांतता पसरली. रात्री प्यालेले पहाटे ‘उतरते’ हा त्यांच्या दृष्टीने निसर्गनियम होता. सभा संपल्यावर एक गृहस्थ मागे रेंगाळले. कोण ते आम्ही ओळखले. फळ्याकडे पाहत त्यांनी माळवीत विचारले, ‘‘मास्साब, मग किती पर्यंत चालते?’’

या प्रश्नात, आम्हांस वाटते, सगळा विषय आला आहे. कायद्याने तीसचा आकडा ठेवला तो सवलत म्हणून नव्हे. नॉर्वेने १९३६ साली रक्तातील मद्याची मर्यादा कायद्यात घातली. १९५४ साली अमेरिकेत बोर्केनस्टीन यांनी श्वासावरून मद्य मोजण्याचे सुटसुटीत यंत्र केले. १९६७ साली ब्रिटनने ८० मिलिग्रॅमची मर्यादा घालून श्वासपरीक्षा सुरू केली. त्यांच्या तुलनेत आपला आकडा बराच कठोर आहे. पण आकडा कोणताही असो, माणूस त्याच्याकडे कुंपणासारखा न पाहता शिध्यासारखा पाहतो: एवढे माझ्या वाट्याचे.

मराठी माणसास हे नवीन वाटू नये. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चे नाव हाच त्या प्रश्नाचा उच्चार आहे. १९१९ साली, नाटककार निवर्तल्यावर, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील; सनद काही काळासाठी जाते, मन पोळते, आणि पहिला प्याला हाती येतो. तो हाती देतो तळीराम. आज वर्तमानपत्रे पिऊन गाडी चालवणाऱ्यांस ‘तळीराम’ म्हणतात आणि त्यांवर ‘कारवाईचा बडगा’ उगारतात. आमच्या मते इथे नावांची अदलाबदल झाली आहे. चाकामागे असतो तो बहुधा सुधाकर. तळीराम शेजारी बसलेला असतो, किंवा दारापर्यंत पोचवायला आलेला असतो. ‘अहो, काय होते एवढ्याने, रस्ता मोकळा आहे’ असे म्हणणारा तो. गडकऱ्यांनी ओळखलेल्या या गृहस्थास कायद्यानेही ओळखले आहे. अधिनियमाचे कलम १८८ सांगते की, पिऊन वाहन चालवण्याच्या गुन्ह्यास जो प्रोत्साहन देतो तो त्याच शिक्षेस पात्र होतो. हे कलम क्वचितच कोणाच्या वाचनात येते; प्रत्येक यजमानाने ते वाचावे.

आणि आई-बापांनी कलम १९९-अ वाचावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. गाडी आपल्या नकळत नेली हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. पंधरा वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून शाळेत येतो आणि बाप कौतुकाने सांगतो की याला मी स्वतः शिकवली. असे कौतुक आमच्या फाटकापाशी दर आठवड्यास ऐकावयास मिळते. पुण्याची ती मोटार कोट्यवधींची होती आणि ही मोटारसायकल जुनी असते, फरक एवढाच.

माळव्यात राहणाऱ्यांनी आणखी एका पदार्थाचा विचार केला पाहिजे. मंदसौर-नीमच पट्ट्यात परवान्याने अफूची शेती होते. नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे. बोंडे फोडून उरलेला डोडाचुरा चहासारखा उकळून घेण्याची सवय लांब पल्ल्याच्या चालकांत जुनी आहे. त्याने थकवा कळत नाही असे ते सांगतात. थकवा कळत नाही, म्हणजे तो जात नाही. फक्त त्याची सूचना बंद पडते. कलम १८५ मध्ये मद्याबरोबर अमली पदार्थही आहेत. त्यांच्यासाठी तीससारखा आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवण्यास चालक असमर्थ झाला होता काय, हे पाहिले जाते. म्हणूनच ते सिद्ध करणे कठीण आणि सुटणे सोपे. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खोकल्याची काही औषधे यांनीही गुंगी येते. औषधाच्या वेष्टनावर वाहन न चालवण्याची सूचना असते ती वाचणारे घर आम्ही अजून पाहावयाचे आहे.

आमच्या गावास बाहेर कोणी ओळखत असेल तर ते हिंगोट युद्धासाठी. ज्यास मराठीत हिंगणबेट म्हणतात त्या झाडाचे फळ पोखरून, वाळवून, त्यात दारू ठासून, काडी लावून ते पेटवून फेकतात. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजीची ‘कलगी’ समोरासमोर उभे राहतात. कलगी आणि तुरा ही आपल्या शाहिरांच्या सवाल-जबाबाची जुनी नावे इथे रणांगणावर भेटतात, याचे मराठीच्या विद्यार्थ्यास नवल वाटते. दरवर्षी माणसे भाजतात. २०१७ साली एका तरुणाचा जीव गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत पोचले. या खेळाचे समर्थन आम्ही करत नाही. परंतु त्यात एक गोष्ट आहे: लढणाऱ्याच्या हाती ढाल असते, समोरचा कोठे उभा आहे हे त्याला दिसते, आणि मैदानात उतरायचे की नाही हे त्याने स्वतः ठरवलेले असते. रात्री शिकवणीहून सायकलवर परतणाऱ्या मुलाच्या हाती ढाल नसते. पेटलेले हिंगोट कोणत्या बाजूने येत आहे हे त्याला ठाऊक नसते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील किती जणांनी मैदानात उतरण्यास होकार दिला होता?

त्या गृहस्थांच्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले ते असे: ‘‘गाडी चालवायची असेल त्या दिवशी शून्य चालते. आणि उद्या पहाटे चालवायची असेल तर आज रात्रीही शून्यच.’’ त्यांनी शपथ घेतली नाही, पश्चात्तापाचे अश्रू ढाळले नाहीत. तसे झाले असते तर आम्हांस ते खरे वाटले नसते. काही महिन्यांनी मात्र कळले की, दुसऱ्या दिवशी फेरी नसेल त्याच रात्री ते घेतात. व्यसन सुटले नाही. गाडी आणि बाटली यांची फारकत झाली. धर्मोपदेशक यास अर्धे यश म्हणेल. कायदा यास पूर्ण यश म्हणेल, कारण कायद्याने पिणे बंद करण्यास सांगितलेच नव्हते. त्या मुलीच्या आईचे मत आम्ही विचारलेले नाही. मुलगी पुढच्या वर्षी दहावी उत्तीर्ण झाली. आपल्या निबंधामुळे ती सभा झाली हे तिला आजतागायत ठाऊक नाही, आणि असू नये.

वाचकहो, तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर येथील आपली मराठी घरे आता पूर्वीसारखी सोवळी राहिलेली नाहीत. समारंभाच्या मागच्या दालनात काय चालते हे आपणा सर्वांस ठाऊक असते आणि वडीलधारी मंडळी तिकडे न पाहण्याचे सौजन्य दाखवतात. आमची सूचना लहान आहे. ज्या यजमानास ते दालन ठेवणे टळत नसेल त्याने पाहुण्यांना घरी पोचवणारा एक न पिणारा चालकही ठेवावा. केळवणाचा खर्च करतो, बँडचा करतो, त्यात हा फार नाही. आणि निरोपाच्या वेळी घरातील थोरल्या माणसाने संकोच सोडून दारात उभे राहावे, विडा-सुपारी देण्यापूर्वी जावयाच्या, भाच्याच्या, मित्राच्या हाताकडे पाहावे, आणि गरज वाटल्यास म्हणावे, ‘‘किल्ली इकडे द्या, आज इथेच राहा, गादी घालून ठेवली आहे.’’ पाहुणा रागावेल. सकाळी चहा घेताना तो राग गेलेला असेल. आणि न गेला, तरी आपल्यावर रागावण्यास तो असेल.